टेकडीला हात हवेत ते जानेवारीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या आमच्या वेताळ टेकडीवर वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. गाड्या भरून माणसं येतात, खड्डे आधीच काढून ठेवलेले असतात, रोप लावून फोटो होतो आणि दुपारपर्यंत टेकडी पुन्हा रिकामी. येणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. सुट्टीची सकाळ कुणी उगाच घालवत नाही. पण गोखलेनगरच्या बाजूने रोज टेकडी चढणारा माणूस म्हणून कळकळीने सांगतो, की टेकडीला माणसांची गरज जुलैत फार नसते. ती जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत असते आणि नेमकं तेव्हा कुणी फिरकत नाही.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पेठेतलं घर गेलं आणि आमचं कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत आलं. टेकडी तेव्हापासून आमच्या दारात आहे. कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या चार जणांबरोबर टेकडीवर जमेल ते काम करतो.

वर जमीन कशी आहे ते आधी सांगतो. पठारावर कुठे वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा जागी गवत हेच खरं राजा. कुसळी गवताने मोजे भरले म्हणून फिरायला येणारे वैतागतात, पण त्या कुसळाची करामत बघण्यासारखी आहे. पावसाचा थेंब लागला की त्याचा पीळ सुटू लागतो, ते गोल फिरतं आणि टोकाचं बी आपलं आपण जमिनीत घुसतं. त्याला ना खड्डा लागतो ना माळी. या गवतात चंडोल घरटं करतो, तितर पिल्लं घेऊन फिरतो. पावसाचं पाणी अडवून कातळाच्या भेगांत मुरवण्याचं कामही गवतच करतं. तरी अशा माळाला आपण ‘ओसाड’ म्हणतो आणि त्यात कदंबासारखं भरपूर पाणी मागणारं झाड लावतो. मार्चपर्यंत त्याची काडी होते आणि खड्ड्याशेजारी रोपाची प्लास्टिकची पिशवी तेवढी उरते. वनखात्याने पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची झाडं मात्र जोमात आहेत, पण ती मध्य अमेरिकेतली; त्यांच्या दाट सावलीत आपलं गवत विरळ होत जातं. उताराच्या कडेला सालई, मेडशिंग, वारस, गणेर ही इथली मूळची झाडं आहेत. फेब्रुवारीत निष्पर्ण गणेराला पिवळीधमक फुलं येतात. ही झाडं आपसूक रुजतात. फक्त पहिली काही वर्षं ती आगीतून वाचली पाहिजेत.

खरा प्रश्न आगीचा आहे. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि मग एक विडीचं थोटुक किंवा कुणी मुद्दाम लावलेली काडी पुरते. वारा असला तर उतारच्या उतार बघता बघता काळा होतो. गिरिपुष्प बुंध्यातून पुन्हा फुटतं. मेडशिंगाचं गुडघाभर रोप जळालं की अनेकदा संपतं. टिटवी आणि चंडोल उन्हाळ्यातच जमिनीवर अंडी घालतात, त्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

यावर उपाय जुना आणि साधा आहे : जाळरेषा. वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारीला सुरू होतो असं वनखातं धरतं. त्याआधी पायवाटांच्या कडेने गवत कापून, ओढून, पट्टे मोकळे करायचे. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते. पट्ट्यातलं उरलेलं गवत जाळायचं असेल तर ते वनखात्याची माणसंच जाळतात; आपण काडी लावायची नाही आणि परवानगीशिवाय कोयताही चालवायचा नाही. पण वनरक्षकाकडे परिसर मोठा आणि हाताखाली माणसं मोजकी. पन्नास माणसं दोन रविवार खाली वाकून गवत ओढायला आली, तर जुलैतल्या हजार रोपांपेक्षा जास्त झाडं जगतील, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत आधीच्या रोपांना आळी करून पाणी घालायला माणसं हवीत. घाणेरी आणि गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायला हवीत. जुन्या दगडखाणीजवळ बाटल्यांच्या काचा पडतात, त्या उचलायला तर बाराही महिने.

टेकडीतून काढायच्या रस्ता आणि बोगद्यांविरोधात एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर टेकडीसाठी चालले. मीही त्यात होतो. त्या गर्दीतला दहावा हिस्सा उन्हाळ्यात वर आला तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. टेकडी कुणाची, यावरून सकाळी फिरणारे लोक वाळक्या काटक्यांची मोळी नेणाऱ्या बायकांवर ओरडतात. या बाया रोज वर असतात. धूर कुठून निघतोय हे सर्वांत आधी त्यांना दिसतं. त्यांच्याशी नीट बोललं, एक फोन नंबर दिला, तर त्यांच्याइतकी चांगली राखण कुणाला जमणार नाही. जनवाडी-वडारवाडीच्या पोरांचंही तेच. उघड्या खड्यांवर घातलेली टिटवीची अंडी आम्ही त्यांना लांबून दाखवली. दगड समजून पाय पडेल अशी ती अंडी! तेव्हापासून ती पोरं तिथे कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला स्वतः अडवतात, “काका, पट्टा लावा” म्हणतात. जूनच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, त्याची शीळ ऐकायला त्यांना घेऊन जाणं हे माझ्या लेखी कुठल्याही वृक्षारोपणाइतकंच मोठं काम आहे.

म्हणून तीन विनंत्या. कंपन्यांनी आणि महाविद्यालयांनी आपला ‘टेकडी दिवस’ जुलैतून जानेवारीत आणावा आणि रोपांऐवजी हातमोजे व पाण्याचे कॅन घेऊन यावं. वनखात्याने जाळरेषेच्या तारखा आधी जाहीर कराव्यात, म्हणजे लोकांना यायला जमेल. आणि आपल्या दैनिकाने वृक्षारोपणाच्या बातम्यांना जशी जागा दिली, तशी त्या तारखांना दर जानेवारीत चार ओळींची जागा द्यावी. शिवाय, ज्यांना वाकणं जमत नाही अशा ज्येष्ठांनी दुपारी वेताळ मंदिराच्या कट्ट्यावर आळीपाळीने बसावं. तिथून चारी बाजूंचे उतार दिसतात. धूर दिसला की कळवायचं, एवढंच काम.

आपला,
गोखलेनगर, पुणे येथील एक वाचक