अनुदानाच्या नावाने येणारी फाईल

संपादक महोदय,
अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता. आपल्या मराठवाड्यात कशाची ना कशाची वाट पाहणं चालूच असतं. चोरट्यांना हे बरोबर ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' नाहीतर 'आरटीओ चलन' नावाची फाईल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेलं. ती यादी नसते, पावतीही नसते. ते अ‍ॅप असतं. इन्स्टॉल करताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोरट्याकडे. तो आपण कोणाला सांगायचीही गरज नाही! शिवाय तीच फाईल आपल्या नावाने सोयऱ्याधायऱ्यांना जाऊ शकते, त्यामुळे ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून खरी समजू नये.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं पटत नाही. आधार, सातबारा, पासबुकाच्या झेरॉक्स दुकानांत उघड्या पडलेल्या असतात, लाभार्थ्यांच्या याद्या मोबाईल नंबरासकट ग्रुपवर फिरतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यातल्या हलगर्जीपणाला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तालुक्याच्या गावी हे कोणाच्या कानावर तरी गेलंय का?

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येते. तहसील आणि बँकांनी अनुदानाच्या यादीवरच हा नंबर ठळक छापावा, ही विनंती.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)