मेणबत्ती जवळ ओढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेणबत्तीच्या उजेडात घरच्या माणसांचे फोटो कसे काढावेत, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. विषय घेतलात याचा आनंद झाला. पण ‘खोलीभर मेणबत्त्या लावा आणि मोबाइलचा नाइट मोड चालू करा’ हा त्यातला सल्ला काही पचनी पडला नाही. माझी उमेदीची वर्षं फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये गेली, त्यामुळे राहवलं नाही.

एक मेणबत्ती एक मीटरवरून चेहऱ्यावर जेमतेम १ लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड टाकते. तीच ३० सेंटीमीटरवर आणा, उजेड ११ लक्सच्या घरात जातो. लांब अकरा मेणबत्त्या लावून जे साधायचं, ते एकीला जवळ ओढून साधतं! शिवाय खोलीभर विखुरलेल्या मेणबत्त्या म्हणजे एका नाकाच्या चार सावल्या. दोन-तीन लावायच्याच असतील तर एकमेकींना खेटून लावाव्यात.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. तिला आपल्याच अंकातलं शब्दकोडं दिलं आणि मेणबत्ती डब्यावर ठेवून तिच्या डोळ्यांच्या उंचीला, जरा बाजूला आणली. टेबलावरच राहू दिली असती तर उजेड हनुवटीखालून येऊन अक्काची हडळ झाली असती. ज्योत पुस्तकांच्या चळतीआड लपवली, कारण ती चौकटीत आली की कॅमेरा तिच्याकडे बघून चेहरा काळा करतो. जॉर्ज द ला तूर हा सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ज्योत हाताआड दडवून चेहरे उजळायचा, तीच युक्ती. आणि डोळ्यांखालच्या खाचा उजळल्या त्या समोर पसरलेल्या आपल्या अंकाच्या कागदाने. रिफ्लेक्टर म्हणून आपलं वर्तमानपत्र उत्तम चालतं, हे जाता जाता कळवतो.

लेन्सचं भोक मोठं, एफ १.८; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००; शटर १/४० सेकंद उघडं. एवढ्या वेळात बोलतं माणूस हलतं, पण ‘उभे शब्द’पाशी अडलेलं माणूस हलत नाही. पेन्सिलीचं टोक खालच्या ओठावर टेकवून, एक भुवई वर चढवून ती थांबली, तेव्हा बटण दाबलं. चष्म्याच्या काचेत ज्योत दिसत होती. दांड्या कानांवर किंचित उचलायला लावल्या, गेली. आयएसओमुळे फोटोत थोडे दाणे आले. येऊ देत. नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकत्र जोडतो. त्यात माणूस हललं की कडा पुसट होतात, आणि वर चेहऱ्यावरून इस्त्री फिरवल्यासारख्या सुरकुत्याही जातात. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या सुरकुत्या घालवून उरतं काय?

रंगाबद्दल लेखात अवाक्षर नाही. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा; या मापात आकडा जितका कमी तितका उजेड केशरी. ऑटोवर कॅमेरा कधी चेहरा केशरी करतो, कधी सगळी ऊब काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग सांभाळायची सोय, हाताने २५०० च्या आसपास ठेवला की कातडी सोनेरी राहते.

पंखा बंद ठेवा, नाहीतर ज्योत हलून प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. मोकळे केस आणि पडदे लांब ठेवा, हे मात्र लेखात ठळक अक्षरांत यायला हवं होतं. ज्योत जवळ आणायला सांगतोय, म्हणून मीच लिहून टाकतो.

शेवटी आपल्या छपाई विभागासाठी. लेखासोबतचा फोटो इतका उजळून छापलात की मागच्या भिंतीवरचा स्विचबोर्डवरची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, सावल्या बुजतात, हे मी जाणतो. चेहरा हवा तेवढा उजळा, पण मागची भिंत पुढच्या वेळी काळीच छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार