चोर सोडून टर्बोला फाशी

वर्तकनगर, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

काल फोनवर तू ज्या आवाजात तुझ्या डिझेल गाडीबद्दल "टर्बो गेला रे" म्हणालास, तो आवाज मी याआधी एकदाच ऐकलाय, दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर. तेव्हाही तुझा पेपर बरा गेला होता. मी काही समजावायला जावं तर तुझ्याकडे वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्याकडे खाली मैदानात गोविंदांचा सराव. म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवावं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा तो पंखा, गेला म्हणणाऱ्या त्या गॅरेजवाल्याला हे वाचून होईपर्यंत एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझं दुखणं मी गेल्या पावसाळ्यात भोगून झालोय. भाचीचा साखरपुडा होता वसईला. घोडबंदर रोडने निघालो, मेट्रोच्या खांबांमधून रांगत रांगत गायमुखपर्यंत पोचलो आणि घाटाच्या चढाला गाडीचा जीवच गेला. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज आणि मागे काळाकुट्ट धूर. मागचा कंटेनरवाला हॉर्न मारून मारून थकला. दुसऱ्या गिअरवर कसाबसा घाट चढलो. साखरपुड्याला पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते. हिने त्यावरून अजून मला सोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका चकचकीत गॅरेजात नेली. पोऱ्याने टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीला, जाणारा पाईप काढला, आत बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "टर्बो गेला साहेब. सील फुटलंय. सेहेचाळीस हजार." तपासणी संपली! तुझ्याकडेही नेमकं हेच झालंय ना? बोट आणि आकडा.

ही म्हणाली, विकायला काढली तर गाडीचे तरी तेवढे येतील का? मग वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या शेडला बोर्डसुद्धा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पाईपात तेल दिसलं म्हणजे टर्बो मेला? सर्दी झाली, नाक गळायला लागलं, तर मेंदू गळतोय म्हणायचं का?"

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा दाबाचा वायू खाली इंजिन तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. तिथे तेलाचे तुषार उडत असतात, ते तो सोबत घेतो. हा वायू कोंडला तर सगळी सीलं फोडून बाहेर येईल, म्हणून त्याला वाट ठेवलेली असते, ती म्हणजे ब्रीदर. पूर्वी ही नळी सरळ रस्त्याच्या दिशेने खाली सोडलेली असे आणि गाड्या जातील तिथे तेल गाळत जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे ते थांबलं आणि ही वाफ परत इंजिनालाच ओढायला लावायची पद्धत आली. आपल्या डिझेलमध्ये ब्रीदरची नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाईपात सोडलेली असते. म्हणजे थोडं तेल हवेच्या वाटेत असणारच, कंपनीनेच ते तिथे सोडलंय. पाईपाला आतून तेलाचा हात फिरवल्यासारखं वाटलं तर घाबरायचं नाही. पाईप वाकडा केल्यावर तेल ओघळलं, तर मात्र शोधायचं.

शोधायचं म्हणजे काय, तर ओल कुठून सुरू होते ते बघायचं. भिंतीला ओल आली की आपण वरच्या मजल्यावरच्या लोकांशी भांडायला जातो ना, अगदी तसं. मिस्त्रींनी एक जुनं पांढरं बनियन फाडलं आणि फिल्टरच्या डब्यापासून सुरुवात केली. फिल्टर कोरडा. पुढचा पाईपही कोरडा. ब्रीदरची नळी जिथे जोडली आहे तिथपर्यंत बनियनची चिंधी स्वच्छ आणि तिथून पुढे काळी. टर्बोच्या तोंडाशी काळी, टर्बोच्या पलीकडे काळी, इंटरकूलर खोलला तर तळाशी फुलपात्रभर तेल. म्हणजे तेल टर्बोच्या आधीच आत येत होतं. टर्बो बिचारा समोर आलेलं पुढे ढकलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

तरी त्यांनी टर्बोही तपासला, नुसत्या तर्कावर सोडला नाही. त्याच्या चाकाचा दांडा बोटांत धरून हलवला. बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं, कारण तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. पण पुढे-मागे सरकता कामा नये आणि पाती घराला घासल्याची खूण नको. तुझ्याकडे हे कोणी बघितलंय का? विचार त्याला.

आता सीलची गोष्ट, कारण तुझा गॅरेजवाला "सील, सील" करतोय. टर्बोतलं सील म्हणजे पाण्याच्या नळातल्या वायसरसारखं रबर नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी लोखंडी कडी असते आणि तेल बरंचसं दोन्हीकडच्या दाबाच्या तोलावर अडून राहतं. तो तोल बिघडला की चांगला टर्बोही तेल टाकतो. एअर फिल्टर धुळीने बुजला की टर्बो जोर लावून ओढतो आणि तेलही ओढून घेतो. टर्बोमधून तेल खाली उतरायची नळी गाळाने चोंदली, किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, तरी तेल खाली न जाता बाजूने येतं. अशा गाडीला नवा टर्बो बसवलास तर महिन्याभरात तोही तेल टाकील आणि तो माणूस म्हणेल, पार्ट डुप्लिकेट निघाला. विन्या, या परिच्छेदाखाली पेनाने रेघ मार.

मग माझा चोर कोण होता? इथे मला थोडं लाजायला होतं. ब्रीदरमधून इतकं तेल का येतंय म्हणून मिस्त्रींनी गेज, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढली. मॅक्सच्या खुणेच्या कितीतरी वर तेल! "कोणी भरलं?" मी गप्प. तुला आमच्या सोसायटीचं पार्किंग माहीतच आहे, गेटकडे चांगला उतार आहे. मी दर महिन्याला मोठ्या जबाबदारीने तिथेच गेज बघायचो. उतारावर तेल दुसऱ्या टोकाला जमतं, गेजला कमी दिसतं, की मी ओतलं थोडं. पुढच्या महिन्यात आणखी थोडं. पाऊण लिटर जास्तीचं निघालं. पातळी इतकी चढली की क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा खालचा दांडा, त्यात घुसळण करतो, ताक घुसळावं तसं, आणि तो फेस ब्रीदरवाटे वर जातो. त्यात वाफेतलं तेल गाळून परत खाली सोडणाऱ्या डबीचा निचराही गाळाने तुंबलेला. माझं ऑफिस ऐरोलीला. कळवा, विटावा, दिघा असं दहा-बारा किलोमीटर, त्यातलं अर्धं ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यात जातं. इंजिन नीट तापतच नाही, पाण्याची वाफ तेलात मिसळते आणि असा गाळ धरतो. पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस दिसतो तोही बऱ्याचदा यातूनच. पण कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, बघायला हवं.

आणि घाटातलं ते फुस्स? टर्बोनंतरची रबरी होज महिनोन्‌महिने तेलात भिजून मऊ पडली होती आणि क्लॅम्पखालून सटकली होती. दाबलेली हवा बाहेर, डिझेल मात्र तेवढंच आत, म्हणून काळा धूर. टर्बो तेल टाकत मरायला टेकला असता तर बहुधा निळा धूर दिसला असता, तेल जळाल्याचा. तुझा धूर कसला आहे ते तू सांगितलंच नाहीस. सकाळी थंड इंजिनाला बघ आणि चढावरही बघ, मागच्या गाडीत कोणाला तरी बसव.

तुझ्या बाबतीत आणखी एक शंका आहे. माझी गाडी २०१४ ची, बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमातली. तुझी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६, म्हणजे तिला सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असणार. ती काजळी जाळायला बऱ्याच गाड्या जास्तीचं डिझेल सोडतात आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. तू चिपळूणच्या बाजारात दोन-दोन किलोमीटर फिरवतोस. ते जाळणं अर्ध्यात राहिलं की थोडं डिझेल तेलात उतरतं. मग ओतणारा कोणी नसताना गेज चढत जाते! सपाट जागेवर, सकाळी, गाडी सुरू न करता गेज बघ आणि तेलाचा वास घे. डिझेलचा वास आला, तेल पाण्यासारखं पातळ लागलं, तर तेल बदल, टर्बो नाही.

झाकणाची युक्तीही करून बघ. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडायचं आणि उलटं करून नुसतं वर ठेवायचं. किंचित थरथरलं तर ठीक, डिझेलमध्ये एवढं चालतं. उडून पडलं आणि खालून धुराचा लोट आला, तर रिंगांतून दाब फार येतोय, आणि मग खर्च खरंच मोठा आहे. तेव्हाही आधी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे, तोंडी निकालावर इंजिन उतरवू देऊ नकोस.

हे सगळं होईपर्यंत गाडी दामटू नकोस, विशेषतः कुंभार्ली घाटात. इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल एकदम इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळायला लागतं. चावी फिरवून बंद होत नाही, कारण ते डिझेलवर चाललेलंच नसतं! तसं झालंच तर सर्वात वरचा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. हवेच्या तोंडावर हात ठेवायचा शहाणपणा करू नकोस, बोटं जातील. मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता.

सफाई करताना मात्र जपून. इंटरकूलर मिस्त्रींनी रॉकेलने धुतला आणि अख्खा दिवस उलटा टांगून वाळवला. आत थेंब राहिला तर तोही इंजिनच पिणार. फिल्टरमागचा हवा मोजणारा सेन्सर कोणालाही कार्ब क्लीनरने फवारू देऊ नकोस, त्याची तार केसासारखी नाजूक असते, त्याचा स्प्रे वेगळा मिळतो.

माझं बिल झालं तीन हजार आठशे, होज, तेल आणि फिल्टर धरून. पाचशे किलोमीटरनंतर मिस्त्रींनी पुन्हा बोलावलं, तीच चिंधी, तोच पाईप. नुसता ओशटपणा होता, ओघळ नाही. "रिंगा थोड्या दमल्यात, पण अजून दोन वर्षं काढतील," म्हणाले. सव्वा लाखाच्या वर पळालेल्या गाडीबद्दल यापेक्षा जास्त मी मागत नाही.

तेव्हा उद्या सकाळी गेज, मग चिंधी. ब्रीदरच्या जोडाआधी कोरडं आणि नंतर ओलं, की टर्बोपर्यंत सगळंच कोरडं, एवढं बघून मला फोटो पाठव. टर्बोपर्यंत कोरडं आणि पुढे तळं असेल तर तुझ्या गॅरेजवाल्याचं थोडं खरं असू शकतं, तेव्हा दांडा हलवून बघू. मी शनिवारी मिस्त्रींकडे जाणारच आहे, फोटो त्यांना दाखवतो. काकूंना नमस्कार. आणि हो, गाडी घराच्या उतारावर लावून गेज बघू नकोस, तुमचं अंगण माझ्या लक्षात आहे.

तुझा,
बाळ्या