कात्री हरवली, ती जिभेवरून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवसभर इंग्रजी बोलून घरी आलास की आईशी बोलताना शब्द अडतात, 'मराठी विसरायला लागलो की काय' असं लिहिलंयस. अरे, परवा माझंही तेच झालं. तासाभराचा कॉल संपवून उठलो, पार्सल फोडायचं होतं. "आई, जरा ती..." आणि पुढे गाडी हलेना. 'सिझर्स' जिभेवर हजर, मराठी शब्द गायब! दोन बोटं हवेत उघडमीट करत उभा राहिलो. आईने मुकाट्याने कात्री हातात दिली.

पण तू धसका घेतलास तो उगाच. १९९९ साली म्यूटर आणि ऑलपोर्ट या संशोधकांनी दोन भाषा बोलणाऱ्या लोकांना पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायला लावले. मागचा रंग सांगेल त्या भाषेत. कच्च्या भाषेकडे वळताना जास्त अडखळतील असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पक्क्या भाषेकडे परतताना जास्त वेळ गेला.

डेव्हिड ग्रीन या संशोधकाने १९९८मध्ये मांडलेल्या विचारातून याचा उलगडा होतो. डोक्यात दोन्ही भाषा एकदमच जाग्या असतात. नको ती दाबून धरावी लागते. एका प्रयोगात रशियन-इंग्रजी जाणणाऱ्यांना रशियनमध्ये 'मार्का', म्हणजे पोस्टाचं तिकीट, उचलायला सांगितलं, तर त्यांची नजर शेजारच्या मार्कर पेनाकडेही जायची! आता इंग्रजी बोलताना तुझी मराठी सारखी उसळून वर येणार, म्हणून तिच्यावर दाबही जास्त. तो उतरायला वेळ लागतो, इतकंच. मराठी अडते ती दणकट आहे म्हणून. कोस्टा आणि सांतेस्तेबान यांना २००४मध्ये स्पॅनिश आणि कातालान दोन्हींत सारख्याच तरबेज असलेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही.

(दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू जास्त तल्लख असतो असंही म्हणतात, हे मात्र मला फारसं पटत नाही. पुढच्या बऱ्याच प्रयोगांत तो फायदा सापडलाच नाही.)

एक गंमत लक्षात आलीय का? आपण दोघं बोलतो तेव्हा एकाच वाक्यात दोन्ही भाषांची भेळ असते आणि काही अडत नाही. तिथे कुणाला दाबायचंच नसतं ना! तेव्हा घरी जाताना मला फोन करत जा. दहा मिनिटं बडबडू, मग आईसमोर जा.

आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
मंदार