विषय: गायनॅकचे ७९९ रुपये घेऊन सेल्समनचा फोन जोडून दिला त्याबद्दल

मॅनेजमेंट,

आत्ताच तुमच्या ॲपच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून फोन ठेवला. "कन्सल्टेशन कम्प्लीट दाखवतंय मॅडम, रिफंड होणार नाही." कोणाचं कन्सल्टेशन? मी गायनॅकचे पैसे भरले आणि लाईनवर आला तुमचा पॅकेज विकणारा मुलगा.

मंगळवारचं रेकॉर्डिंग काढून ऐका जरा. घरात सासूबाई, म्हणून मी कोपरखैरणेला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभी राहून हळू आवाजात सांगतेय की आतल्या पाकळ्या, म्हणजे लेबिया मायनोरा, मोठ्या आहेत, सायकल चालवली की घासतात, कशामुळे असेल, तर हा म्हणतो "आवाज येत नाही मॅडम, मोठ्याने बोला, साईझ किती?" वरून काका दुधाची पिशवी आणायला उतरत होते. मग म्हणे "लग्नाआधी रिलेशन होतं का? जास्त वापराने होतं हे." वापराने?? चप्पल आहे का ती? मी म्हटलं अहो नववीत असल्यापासून असंच आहे, तर "तेच विचारतोय ना मॅडम", आणि हसला. हसला! वापराने वाढत असतं तर याची जीभ एव्हाना पनवेलला पोचली असती. लगेच लेबियाप्लास्टी, म्हणजे त्या कापून लहान करायचं ऑपरेशन, ईएमआयवर, आजच बुक केलं तर डिस्काउंट.

शेवटी वाशीला एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं, म्हणाल्या खूप जणींची ठेवणच तशी असते, वयात येताना इस्ट्रोजेन या हार्मोनने वाढतात, बाळंतपणानंतरही फरक पडतो, दोन्ही बाजू सारख्या नसल्या तरी चालतं, आणि संबंध ठेवल्याने मोठ्या होत नाहीत. घरी येऊन मीही वाचलं, २००५ मधे लंडनच्या डॉक्टरांनी ५० बायकांची मापं घेतली तर रुंदी ७ पासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. मला नुसतं घासून चुरचुरत होतं. घट्ट लेगिंग आणि वासाचा वॉश बंद केला, संपलं. नवीन सूज, गाठ, खाज आली तर दाखवायला सांगितलंय. एवढं तुमच्या डॉक्टरला माहीत असणारच, पण ती फोनवर आलीच नाही आणि त्याचेच तुम्ही ७९९ घेतलेत.

बायकांचं ॲप म्हणून बहिणीलाही घ्यायला लावलं होतं मी, आता तिला काय तोंड दाखवू.

आठ दिवसांत पैसे परत करा आणि माझ्या फाईलमधे त्याने कारण म्हणून जे लिहून ठेवलंय ते काढा, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करून ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाईन. आणि डिस्काउंटचा तो व्हॉट्सॲप रोज सकाळी येतोय, तो आधी बंद करा, फोन मुलाच्या हातात असतो.