‘डीप सी’ सेट घेण्याआधी

महोदय,

नारळी पौर्णिमा झाली की जिगने (माशासारख्या दिसणाऱ्या धातूच्या जड आमिषाने) मासे गरवायची हौस असलेले नवे लोक दुकानात जातात आणि ‘डीप सी’ लिहिलेला सर्वांत जाड रॉड नि सर्वांत मोठी रील घेऊन येतात. आपल्यासाठी बहुतेक वेळा हीच निवड चुकते.

गोव्यासमोरचा समुद्रतळ फार हळू उतरतो. ग्रांदे बेटाभोवती किंवा किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर फार तर वीस-पंचवीस मीटर पाणी मिळतं. शंभर मीटरचा तळ गाठायचा तर पन्नास किलोमीटरच्याही बरंच पुढे जावं लागतं. एका दिवसाच्या होडीत ते कोण करतो? जिगचं वजन मोजायचं ते मीटरला दोन ते तीन ग्रॅम या हिशेबाने, ओहोटीची ओढ असली तर थोडं जास्त. म्हणजे आपल्याला 40 ते 80 ग्रॅम, ओढ जास्त असली तर 120 पर्यंत पुरतात. 200 ते 400 ग्रॅमसाठी बनवलेल्या रॉडवर 80 ग्रॅमचा जिग लावला तर टोक वाकतच नाही. जिग नुसता वरखाली होतो, कुशीवर पडून लचकत नाही. अर्ध्या तासात खांदा मात्र भरून येतो.

रॉड सहा ते साडेसहा फुटांचा, त्यावर 150 ग्रॅमपर्यंत आणि पीई 1.5 ते 3 लिहिलेलं असावं. पीईचा आकडा वेणीच्या (विणलेल्या) दोऱ्याची जाडी सांगतो, ताकद नव्हे. ताकद किलोत वेगळी छापलेली असते. पीई 2 चा तीनशे मीटर दोरा बसेल अशी रील बघा. 5000-6000 मापाच्या रीलमध्ये तो सहसा बसतो, पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, म्हणून स्पूलवरचा (दोरा गुंडाळायच्या रिळावरचा) आकडा वाचून घ्यावा. इसवणीसाठी (सुरमईसाठी) हँडलच्या एका फेऱ्यात मीटरभर दोरा ओढणारी रील बरी. गोब्रो (हेकरू), तामसो (तांबोशी) तळाशी असतात. गोब्रो गळाला लागताच खडकाकडे वळतो, तिथे वेगापेक्षा जोर लागतो.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, ठरावीक ओढीला दोरा सोडणारा. खोक्यावरच्या ‘कमाल ड्रॅग 15 किलो’ला भुलू नये. डुलणाऱ्या होडीत उभं राहून पंधरा किलोची ओढ कोणी पेलत नाही. दोरा 15 किलोचा असेल तर ड्रॅग 4 ते 5 किलोवर ठेवावा, कारण गाठीपाशी दोऱ्याची ताकद घटते. दोरा रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि रॉड वाकवून ओढायचं. दोरा सुटू लागेल तो खरा आकडा. नुसत्या रीलवर मोजलेला कमी भरतो, कड्यांतलं घर्षण त्यात धरलेलं नसतं.

‘ड्रॅग बिघडला’ म्हणून परत आलेल्या रीलमध्ये पुष्कळदा ड्रॅग ठीकच असतो. वेणीचा दोरा गुळगुळीत धातूच्या स्पूलवर थेट गुंडाळलेला असतो, मासा ओढू लागला की अख्खी गुंडाळीच स्पूलवर फिरते. खाली आठ-दहा मीटर साधा नायलॉन भरा आणि वरचा दोरा ओल्या फडक्यात चिमटून ताणात गुंडाळा. सैल भरला तर पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा पदर खालच्यात रुततो आणि पुढच्या वेळी जिग सोडताना दोरा अडकून तुटतो.

मासा होडीपाशी आल्यावर रॉड आकाशाकडे उभा केला की सगळा भार टोकावर येतो. कार्बनचा रॉड तिथे ताडकन मोडतो, मग तो कितीही महाग असो. रॉड खाली ठेवून रीलने ओढावं, शेवटी गाफ (आकडा लावलेली काठी) किंवा जाळं वापरावं.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट आवळून रीलवर हलकं गोडं पाणी सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत शिरतं. रील सुकली की ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबतात.

दुकानदारांना एवढीच विनंती, की सेटवर ‘डीप सी’ऐवजी जिगचं वजन आणि पीई ठळक लिहावं.

– एक गरवणारा, बेती