कादंबरी वाचली, मनू

जालना
रविवार, दुपार

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी वाचून झाली. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळी पानं छापून आणली. पेन्सिलने खुणा केल्या आहेत, दादा त्या पानांचे फोटो काढून पाठवेल. हे पत्र मात्र हाताने लिहिते आहे. तुझ्या आणि ओवेनच्या लग्नाचा विषय निघाला की फोनवर आपलं बोलणं कुठे जाऊन थांबतं ते गुरुवारी दोघींनी पाहिलं. तू म्हणालीस, "आई, कादंबरी म्हणून वाच, त्यात मला शोधू नकोस, आणि ओवेनला तर अजिबात नको." बरं, नाही शोधत.

आधी चांगलं ते सांगते. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या असेंब्ली रूम्समधला नाच वाचताना मी चहा गार करून ठेवला. झुंबरातल्या मेणबत्त्यांचं मेण खाली नाचणाऱ्यांच्या खांद्यावर गळतं, हॅरिएट ते नखाने खरवडते आणि कॅप्टन ते बघतो. बस, एवढंच. हातमोज्यातून हाताला हात लागतो आणि तेवढ्यावर तू वाचकाला पुढचं प्रकरणभर धरून ठेवतेस. कुठे एक ओळ अशी नाही की घरात मोठ्याने वाचताना अडखळावं. मी बाबांना वाचून दाखवलंही. ते काही बोलले नाहीत, पण कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. जालन्यात मराठी शाळेत शिकलेली माझी मुलगी दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या बायकांच्या मनातलं असं इंग्रजीत लिहिते! शाळेतल्या सगळ्या जुन्या सहकारी बाईंना मी फोन केले.

आता चुका. मी इतिहासाचीच बाई, तेव्हा ऐकून घे. सहाव्या प्रकरणात कॅप्टनची पत्रं टपालाने गुपचूप येतात आणि वडिलांना पत्ता लागत नाही. हे जमणार नाही. 1840 मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीच्या तिकिटाचं टपाल, आलं, त्याच्या आधी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाराच देई. म्हणजे प्रत्येक पत्राला घरातल्या कुणीतरी पैसे मोजले असणार, आणि पैसे मोजणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. शिवाय लग्न ठरलेलं नसताना तरुण मुलीने परपुरुषाला पत्र लिहिलं तर लोक लग्न ठरलंय असंच धरून चालत. तेव्हा एखादी मोलकरीण मधे घाल किंवा वडिलांना कळू दे. कळलं तर गोष्ट जास्त चांगली होईल असं मला वाटतं. दुसरं, हॅरिएट एकोणीस वर्षांची. 1753 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवान्याने लग्न करायचं तर वडिलांची संमती हवी. म्हणून तर लोक स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळून जात, तिथे तो कायदा लागू नव्हता. पण बाथपासून ते 300 मैलांच्या आसपास. घोडागाडीने एका रात्रीत पोचवलंस तू त्यांना!

तिसरी गोष्ट चूक नाही, प्रश्न आहे. कॅप्टनला वर्षाला मिळतात किती? युद्ध संपलं, तो निम्म्या पगारावर घरी बसला, इतकंच तू सांगतेस. त्या काळात माणूस दारातून आत आला की नावाच्या आधी त्याचं उत्पन्न कळायचं, आणि तुझ्या तीनशे पानांत हा आकडा एकदाही नाही. हॅरिएट विचारत नाही. तिचे वडीलही विचारत नाहीत. मनू, हे मला खरं वाटलं नाही.

कारण तेव्हाच्या बाईचं लग्नानंतर काय व्हायचं ते तुला माहीत आहे, तू त्यावर महिनोन्‌महिने वाचलं आहेस. तिचे पैसे, दागिने, तिने लेखणीने किंवा सुईने कमावलेला शिलिंगसुद्धा नवऱ्याचा. 1870 चा कायदा आणि मग 1882 चा कायदा येईपर्यंत हे असंच चाललं. मुलांवर हक्क बापाचा, त्याला पहिला छेद 1839 मध्ये गेला. 1857 पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे, तोही पैसेवाल्यांनाच परवडे. म्हणून शहाणे आईबाप लग्नाआधी वकील बसवून करारनामा करत. मुलीला हातखर्च किती, नवरा गेला तर वर्षाची नेमणूक किती, तिचा पैसा कोणत्या विश्वस्तांच्या हाती. ज्यांची मुलगी जीव तोडून प्रेमात पडली होती तेही हे करत. कादंबरीत चर्चच्या घंटा वाजतात, पण त्या घंटांच्या आधी कुणाच्या तरी टेबलावर हे कागद वाचले गेलेले असत.

तुझं खातं तुझ्या एकटीच्या नावावर आहे ना अजून?

हे मी विचारणार नव्हते. कादंबरीवर लिहायला बसले होते. माफ कर, पुढे जाते.

तू चौथीत होतीस तेव्हा शाळेच्या सहलीबरोबर मी तुला असईच्या रणांगणावर नेलं होतं, आठवतं? केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं ते सपाट रान. मी मुलांना सांगत होते, 23 सप्टेंबर 1803, पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज आणि तोफा, अलीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, थोडं सैन्य घेऊन. वाटाडे म्हणाले इथून नदी ओलांडायला वाट नाही. त्याला मात्र काठावर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि तो म्हणाला, एवढी जवळ गावं असतील तर मधे उतार असणारच. होता. तू तिथेच हात वर केलास, "बाई, तो चुकला असता तर?" घरी आई आणि सहलीला बाई, तो तुझा नियम होता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. गुरुवारी फोनवर तू मला तेच ऐकवलंस की तूच शिकवलंस, समोरासमोर गावं असली की उतार असतो. माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. रात्रभर शोधत बसले, मग तोच वेलस्ली डोक्यात आला.

किटी पॅकेनहॅमची गोष्ट मी तुला सांगितली नव्हती का कधी? वर्गात सांगायला वेळ मिळायचा नाही, अभ्यासक्रमात असई दोन ओळींची. हा वेलस्ली विशीत आयर्लंडमध्ये किटीच्या प्रेमात पडला. पदरी कर्ज, पुढे काही दिसत नाही, व्हायोलिन वाजवतो. तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं. चुकीचा माणूस. त्याने व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुढे सैन्याबरोबर हिंदुस्थानात आला. त्याआधीच तिला लिहून ठेवलं होतं की तुमच्या घरच्यांचं मन बदललं तरी माझं हेच राहील. मग श्रीरंगपट्टण, मग आपली असई. असईला त्याच्या अंगाखालचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. 1805 मध्ये तो परतला तेव्हा नाव होतं, पैसा होता. आता तोच माणूस तिच्या घरच्यांना योग्य वाटला. किटीने मधल्या काळात दुसऱ्या एकाशी ठरलेलं लग्न याच्यासाठी मोडलं होतं. तिने मध्यस्थ मैत्रिणीला कळवलं होतं की मी आता पूर्वीची राहिले नाही. त्याने दहा वर्षांहून जास्त काळ तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तरी न पाहताच मागणी घातली, दिलेला शब्द म्हणून. 10 एप्रिल 1806 ला डब्लिनमध्ये लग्न लागलं, आणि तिला बघून तो भावाच्या कानात काय पुटपुटला ते लिहून ठेवण्यात आलं आहे. मी ते इथे लिहीत नाही, किटीची मला फार दया येते.

पुढे दोन मुलगे झाले आणि संसार थंडच राहिला. तिला हिशेब जमायचे नाहीत, घरची देणी ती त्याच्यापासून लपवायची, आणि कळलं की तो दुखावून आणखी लांब जायचा. 1831 मध्ये ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने त्याच्या बाहीत हात घालून पाहिलं, कधीकाळी आपण बांधलेला ताईत दंडावर आहे का. होता. त्याने नंतर कुणाला तरी सांगितलं की तो तिथे वर्षानुवर्षं होता, तिने कधी पाहिलंच नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना डबे पुसत बसले.

यातलं कोण चुकीचं होतं, सांग. गरीब होता तेव्हाचा आर्थर, की श्रीमंत होऊन आला तो? नकार देणारे घरचे, की होकार देणारे तेच घरचे? मला ठरवता येत नाही. म्हणूनच "ओवेन चांगला आहे का" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. तू त्याला ओळखतेस, मी ओळखत नाही. व्हिडिओवर दिसला तेव्हा त्याने उठून नमस्कार केला, तुझ्या कपात आधी चहा ओतला, हे मी पाहिलं आहे. पहिली बेकरी का बुडाली ते त्याने न लपवता सांगितलं, हेही मला आवडलं. माझी भीती त्याच्याबद्दल नाहीच. तू नोकरी सोडणार, साठवलेलं सगळं त्याच्या दुसऱ्या बेकरीत घालणार, आणि तुझा तिथला व्हिसा त्या नोकरीवर आहे. नोकरी गेली की तुझं तिथे राहणं त्याची बायको म्हणून. पैसा त्याच्या दुकानात, घर त्याच्या नावावर, राहण्याचा हक्क त्याच्या नात्यावर. मनू, हे सगळं तू स्वतःच्या हाताने आणि प्रेमाने करते आहेस, आणि मी ते वाचते तेव्हा मला तुझी हॅरिएट दिसते. शोधायची नाही म्हटलं होतं तरी दिसते.

ॲनाबेला मिलबँकवर तर तू मला तासभर बोलली होतीस. कवी बायरनला 1812 मध्ये नाही म्हणाली, दोन वर्षांनी हो म्हणाली, जानेवारी 1815 मध्ये लग्न. जेमतेम वर्षाने पाच-सहा आठवड्यांच्या एडाला कुशीत घेऊन थंडीत लंडनहून आईबापांच्या घरी निघून आली. एडा लव्हलेस, तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांची पहिली प्रोग्रामर म्हणतात ती. तू मला कविता सांगत होतीस, आणि माझ्या डोळ्यांसमोर ॲनाबेलाची आई होती. तीच लंडनला गेली, वकिलांना भेटली, पोरगी बापाकडे जाईल की काय या धास्तीत सगळे होते. ॲनाबेलाकडे एक दार होतं आणि दाराच्या आत भांडायला तयार माणसं होती. तेव्हाच्या बहुतेक बायकांना ते नव्हतं.

आपल्याकडे शास्त्रात स्त्रीधन बाईचं, मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातसुद्धा. आणि तरी सुमामावशी सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली. त्या ट्रंकेत काय होतं ते तुला माहीत आहे, काय नव्हतं तेही. अण्णा मरेपर्यंत त्या नांदेडच्या लोकांकडे पाटल्या मागत राहिले. म्हणून मी नोकरी कधी सोडली नाही, बाबांची बदली झाली तेव्हाही नाही. बाबांवर विश्वास नव्हता असं कुणी म्हणू शकेल का? तूच सांग.

पुन्हा व्याख्यान झालं. तू एकतीस वर्षांची आहेस, परदेशात एकटीने घर केलंस, तापात पडून ऑफिसला गेलीस आणि मला महिन्याने सांगितलंस. तुझ्या अकलेवर शंका घेण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त एवढं म्हणते आहे की निम्मे पैसे दे. उरलेले तुझ्या एकटीच्या खात्यात ठेव. बेकरीत पैसे घालशील तर कागदावर भागीदार म्हणून घाल, वकिलाकडून करून घे, आणि ओवेनला सांग की हे माझ्या आईने सांगितलं आहे. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. नोकरी वर्षभर तरी सोडू नकोस. तो हे ऐकून रागावला तर मला कळव. रागावला नाही तरी कळव.

बाबांच्या वतीने मी काही लिहीत नाही, ते त्यांचं ते बोलतील. गुरुवारपासून ते तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत, फक्त बाथला आज पाऊस आहे का ते मोबाइलवर बघतात.

हॅरिएटचा शेवट बदलू नकोस, ती कॅप्टनशीच लग्न करू दे. पण त्याआधी एक पान लिही, ज्यात तिची आई वकिलाला घरी बोलावते आणि हॅरिएट लाजेने मरते, आणि कॅप्टन खुर्ची ओढून बसतो आणि कागद शेवटपर्यंत वाचतो. तसा माणूस असेल तर माझी काही तक्रार नाही.

रजिस्ट्रारची तारीख नक्की झाली की लगेच सांग. आम्हाला व्हिसाला वेळ लागतो, बाबांच्या पासपोर्टची मुदत मार्चमध्ये संपते आहे आणि दादाला रजा आधी टाकावी लागेल. लोणचं कुरिअरने पाठवत नाही, मागच्या वेळी फुटलं होतं, येताना आणीन.

तुझी,
आई